घरचे खाऊन

माणूस बँकेत चिकटला, की त्याचे लग्न ठरायच्या आधी खजिनदारपद ठरते. डॉक्टरला लोक लग्नाच्या पंगतीत पोटदुखीवर औषध विचारतात, वकिलाला मुंजीत गाठून भाडेकरू कसा हलवावा ते विचारतात. बँकेतल्या कारकुनाला मात्र कोणी काही विचारत नाही. त्याच्या हातात सरळ पावतीपुस्तक देतात आणि वर म्हणतात, "तुम्ही काय बुवा, पैशातलेच!" आता मी दिवसभर पैशात असतो हे खरे, पण हलवायाच्या दुकानातला तराजूही दिवसभर पेढ्यांत असतो. त्याचे तोंड गोड झालेले मी अजून पाहिलेले नाही.

ते असो. सांगायची गोष्ट अशी, की आजमितीस मी आमच्या सोसायटीचा मानद खजिनदार आहे, गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा हिशेबनीस आहे आणि वाचनालयाचा अंतर्गत हिशेब तपासनीस आहे. शिवाय सौ.च्या भिशीचा सल्लागार आहे, पण ते पद नावापुरते; तिथले हिशेब माझ्याहून चोख असतात. या सर्व पदांचे मिळून दरमहा शून्य रुपये पडतात. शून्यावर टी.डी.एस. कापत नाहीत, हा त्यातल्या त्यात फायदा.

'मानद' या शब्दाबद्दल मला आधी फार आदर होता. मग एकदा कोश उघडला. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ 'मान देणारा'. मान मिळवणारा नव्हे, देणारा! सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते. त्या सभेत पार्किंग, गळती आणि भटकी कुत्री या तीन विषयांवर व्यासपीठावरच्या माणसाला जे ऐकून घ्यावे लागते, ते पाहता मूळ अर्थच बरोबर आहे अशी माझी खात्री पटली. 'स्वयंसेवा' या शब्दाचीही तीच कथा. उडप्याच्या हॉटेलात 'स्वयंसेवा' अशी पाटी असते तिथे अर्थ सरळ असतो : आपला डोसा आपण आणायचा, आपली सेवा आपण करायची. समाजात मात्र त्याच शब्दाचा अर्थ दुसऱ्याला डोसा आणून द्यायचा असा होतो. या दोन अर्थांपैकी खरा कोणता, हाच खरे तर या लेखाचा विषय आहे.

म्हणजे असे, की आपण दुसऱ्यासाठी फुकट राबतो तेव्हा सेवा नेमकी कुणाची करतो? दुसऱ्याची, की आपलीच? आमच्या घरी हा प्रश्न विचारायचा अधिकार एकाच व्यक्तीला आहे आणि ती तो साधारणपणे रविवारी सकाळी अकरा वाजता विचारते. तेव्हा मी सोसायटीच्या पावत्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून बसलेलो असतो आणि तिला तिथे कोथिंबीर निवडायची असते.

फुकट काम करणाऱ्यांच्या चार जाती मी पाहिल्या आहेत. पहिली खुर्च्या उचलणाऱ्यांची. हे लोक कार्यक्रमाच्या आधी दोन तास येतात आणि नंतर दोन तास थांबतात. मधला कार्यक्रम त्यांना कधी दिसत नाही. दुसरी माइक धरणाऱ्यांची. तिसरी फोटोत येणाऱ्यांची. रक्तदान शिबिरात रक्त न देता कॉटशेजारी उभे राहून अंगठा दाखवतात ते हेच. चौथी जात सूचना करणाऱ्यांची. हे लोक कामाच्या दिवशी गावात नसतात. पण दुसऱ्या दिवशी, "हे असं करायला हवं होतं," हे सांगायला आपण होऊन आणि विनामूल्य येतात. मी बोलतोय तो फक्त पहिल्या जातीबद्दल. बाकीच्या तिघांना काय मिळते ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतेच.

खुर्च्या उचलणाऱ्याला काय मिळते? एक तर नाव मिळते. बँकेत माझे नाव 'काउंटर नंबर तीन' असे आहे. पासबुक छापायचे यंत्र बंद पडले, की लोक माझ्याकडे असे बघतात, जणू ते मीच गिळून बसलोय. तोच मी संध्याकाळी सोसायटीच्या फाटकातून आत शिरलो की 'खजिनदारसाहेब' होतो. चौसष्ट बिऱ्हाडे मला ओळखतात. एवढ्या मोठ्या शहरात चौसष्ट घरांत आपले नाव घेतले जाते (ते कोणत्या स्वरात घेतले जाते हे तूर्त सोडा), ही काही लहान कमाई नाही.

दुसरे म्हणजे झोप मिळते. थट्टा नाही. मार्च २०२० मध्ये सारा देश बंद झाला, तेव्हा आमचे सोसायटीचे सेक्रेटरी पहाटे सहाला फाटकाशी उभे राहून दुधाच्या पिशव्या मोजून घेत. कुणाला भाजी, कुणाला गॅस, तळमजल्यावरच्या एकट्या आजींना रक्तदाबाच्या गोळ्या. आजींची दोन्ही मुले अमेरिकेत. गोळ्या संपल्या तर हाक मारायला जवळ तेवढेच एक दार. सेक्रेटरी तेव्हा मला म्हणाले होते, "अहो, आयुष्यात पहिल्यांदा असं झालंय, डोकं टेकलं की झोप!" त्या दिवसांत सगळा देश काळजीने जागा होता आणि हे गृहस्थ घोरत होते. जेम्स अँड्रिओनी नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९० च्या सुमारास या भावनेला 'वॉर्म ग्लो' असे नाव देऊन त्यावर गणिते मांडली. आपल्याकडे त्याला गणित न मांडता 'बरं वाटलं' म्हणतात.

आणि गंमत अशी, की हे 'बरं वाटणं' पैशाने वाढत नाही, उलट नासते. २००० साली उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी या दोघांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मुले घरोघर फिरून सत्कार्यासाठी वर्गणी गोळा करणार होती. तीन गट केले. पहिल्याला नुसते कामाचे महत्त्व सांगितले. दुसऱ्याला सांगितले, जमवाल त्याच्या एक टक्का तुम्हाला बक्षीस. तिसऱ्याला दहा टक्के. सर्वांत जास्त वर्गणी कुणी आणली असेल? ज्यांना छदामही मिळणार नव्हता त्यांनी. दहा टक्केवाले दुसरे आले आणि एक टक्केवाले शेवटचे. हा एक टक्का म्हणजेच आपले मराठी 'मानधन' : धन इतके थोडे, की पुढे मान जोडल्याशिवाय देणाऱ्यालाच लाज वाटावी.

तेव्हा जमेची बाजू भक्कम आहे. पण आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्रोफेसर राहतात. ते खुर्च्या उचलत नाहीत, खुर्चीवर बसून विचार करतात. त्यांना मी ही जमा सांगितली, तर म्हणाले, "म्हणजे तुम्ही स्वार्थीच की हो! बरं वाटावं म्हणून करता."

मग त्यांनी मला हॉब्ज सांगितला. हा सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ, माणूस मुळात स्वतःचेच पाहतो असे मानणारा. त्याला एकदा कुणी तरी एका म्हाताऱ्या भिकाऱ्याला पैसे देताना पकडले आणि कारण विचारले. त्याचे म्हणणे असे, की त्या म्हाताऱ्याचे हाल पाहून मलाच त्रास होत होता. पैसे दिल्याने त्याचा त्रास कमी झाला, तसा माझाही झाला. झाले ना पुन्हा उडप्याचे हॉटेल! त्यानंतर प्रोफेसरांनी कांट काढला. कांटने १७८५ साली लिहून ठेवले आहे, की एखाद्याला दुसऱ्याचे भले करण्यात मनापासून आनंद वाटत असेल, तर ते वागणे चांगले आहे, कौतुकास्पद आहे, पण त्याला खरी नैतिक किंमत नाही. तोच माणूस स्वतःच्या दुःखात बुडालेला असताना, काही करावेसे वाटत नसताना, केवळ कर्तव्य म्हणून उठला आणि मदतीला गेला, तर त्याला किंमत. थोडक्यात, कांटच्या हिशेबी माझ्या खजिनदारपणाला नैतिक किंमत फक्त सप्टेंबरात येते.

मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मग एक गोष्ट लक्षात आली आणि मी धावत तिसऱ्या मजल्यावर गेलो. विचारले, "प्रोफेसरसाहेब, या दोघांची लग्नं झाली होती का हो?"

"नाही. दोघंही आजन्म अविवाहित. कांटच्या घरी लाम्पे नावाचा एक नोकर होता. पण त्याचा इथे काय संबंध?"

संबंध आहे. सेवा करणाऱ्याला आतून गोड वाटते की नाही, एवढ्यावरच हे दोघे अडून बसले. हा प्रश्न अविवाहित माणसालाच सुचणारा आहे. आपले मन आणि आपले कर्तव्य, दोघांचाच संसार! घरात तिसरे कुणी असते, तर त्यांना लगेच दुसरा प्रश्न पडला असता : अहो, तुम्हाला आनंद होतो ना, होऊ द्या, पण त्याचे बिल कोण भरतो?

इथे तत्त्वज्ञान थांबते आणि बी.कॉम. सुरू होते. लुका पाचोली नावाच्या इटालियन धर्मगुरूने १४९४ साली व्हेनिसमध्ये एक ग्रंथ छापला. त्यात व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत मांडली आहे. तिचे सार असे, की एकेरी नोंद म्हणजे नोंदच नव्हे. प्रत्येक नावेला कुठे तरी जमा असलीच पाहिजे. कॉलेजात आम्ही घोकायचो : घेणाऱ्याचे खाते नावे करा, देणाऱ्याचे खाते जमा करा. घेणारा कोण हे शोधणे सोपे असते. सेवेच्या बाबतीत घोटाळा होतो तो देणारा कोण हे ठरवताना.

आमच्या सेक्रेटरींचेच पाहा. अकरा वर्षे त्यांनी सोसायटी सांभाळली. टाकी धुवून घेतली, गळती थांबवली, लिफ्टवाल्याशी भांडले. एका टँकरवाल्याकडून कमिशन घेतात असा बोभाटाही दोन वर्षे सोसला. फुकट काम करणारा माणूस काही तरी खातच असणार, ही आपल्याकडे पक्की समजूत आहे. टँकरची बिले मीच फेडत होतो. त्यात खाण्यासारखे काही नव्हते, प्यायचे पाणीसुद्धा नव्हते. अखेर ते थकले आणि पायउतार झाले. समारंभ झाला. शाल, श्रीफळ, चांदीचा मुलामा दिलेला गणपती. अध्यक्ष म्हणाले, "साहेबांनी आपल्या आयुष्याची अकरा वर्षं सोसायटीला दिली." आभारप्रदर्शनात मंडपवाला, माइकवाला, वॉचमन आणि लिफ्ट कंपनी यांचे आभार मानले. तिसऱ्या रांगेत सेक्रेटरींच्या मिसेस बसल्या होत्या. त्यांचे नाव कुठेच आले नाही.

मला सवय वाईट. भाषणे चालू असताना मी आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर आकडे मांडत होतो. त्यांच्या दाराची घंटा वाजवून तक्रार सांगायला येणारा प्रत्येक सभासद बसून चहा पिऊन जायचा. रोजचे चार कप धरू. हे मी फार कमी धरतोय. वर्षाचे १,४६० कप. अकरा वर्षांचे १६,०६०. यात साखर सोसायटीची नाही, दूध सोसायटीचे नाही आणि उकळणारी तर सोसायटीच्या कोणत्याच कमिटीत नाही. फोन आला की, "ते आंघोळीला गेलेत, काही निरोप?" हे सांगायचे काम त्यांचे. "तुमच्या मिस्टरांना सांगा, पाणी आलं नाही," हे ऐकून घ्यायचे कामही त्यांचेच. आणि साऱ्या इमारतीची गळती थांबवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या मोरीतला नळ मात्र तीन वर्षे ठिबकत होता, हेही त्यांनाच माहीत.

समारंभ संपल्यावर मी म्हणालो, "वहिनी, बरं झालं, शेवटी सत्कार झाला."

"हो ना," त्या हसून म्हणाल्या, "नारळ शेवटी मलाच फोडायचाय."

बँकेत दिवसअखेर ताळा लागला नाही, की आम्ही थांबतो. एका रुपयाच्या फरकासाठी मी लोकलच्या तीन गाड्या सोडल्या आहेत. तरीही सापडला नाही, तर तो फरक सस्पेन्स खात्यात टाकतात आणि घरी जातात. पण सस्पेन्स खाते म्हणजे अडगळीची खोली नव्हे. कधी तरी तिथली रक्कम ज्याची त्याला पोचवावी लागते. वहिनींची अकरा वर्षे अशी सस्पेन्समध्ये पडून होती. सेक्रेटरी मोठ्या मनाचे गृहस्थ आहेत यात शंका नाही. पण अकरा वर्षांतला निम्मा ऐवज वहिनींच्या खात्यातला होता आणि जमा झाला तो साहेबांच्या नावावर.

रक्तदान या बाबतीत फार स्वच्छ. १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आपल्याकडे १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त द्यायला बंदी आली. तेव्हापासून ३५० मिलिलिटर रक्ताचा मोबदला म्हणजे कपभर चहा आणि दोन बिस्किटे. तिथे फसवणुकीला जागा नाही. ज्याचे रक्त त्याचीच शीर. शेजारणीच्या हातात सुई खुपसून प्रमाणपत्र आपल्या नावाचे घेता येत नाही. वेळेच्या बाबतीत मात्र ते सर्रास येते, आणि त्यावर शालही मिळते.

यात पुरुषच तेवढे गुन्हेगार असे समजू नका. पहिल्या मजल्यावरच्या एक बाई रोज संध्याकाळी वॉचमनच्या आणि कामवाल्या बायकांच्या मुलांना शिकवतात. त्यातली एक मुलगी दहावी झाली तेव्हा आम्ही पेढे खाल्ले. त्या दोन तासांत घरी पोळ्या कोण लाटते? त्यांच्या सासूबाई, वय पंचाहत्तर. फरक एवढाच, की बाईंनी पेढ्यांचा पहिला डबा सासूबाईंच्या हातात दिला आणि त्या मुलीला सांगितले, "आधी आजींच्या पाया पड. तू पास झालीस ती त्यांच्या पोळ्यांवर." ही झाली द्विनोंदी पद्धत! त्यासाठी बी.कॉम. व्हावे लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, असा कपाकपाचा हिशेब मांडायला लागलो तर कुणी कुणासाठी काही करणारच नाही. खुर्च्या कोण उचलणार? आजींच्या गोळ्या कोण आणणार? शंका रास्त आहे. मीही ती वहिनींपुढेच काढली. विचारले, "वहिनी, खरं सांगा, तुम्हाला राग नाही आला कधी?"

"राग नाही हो. ते आनंदात असायचे, मला दिसायचं ते. त्या आजी बऱ्या झाल्या तेव्हा मीही देवाला साखर ठेवली. मी नको म्हटलंही नसतं," त्या जरा थांबल्या. "पण कुणी विचारलंच नाही ना."

कांटच्या सबंध पुस्तकापेक्षा मला हे वाक्य जड वाटले. चहाचे पैसे त्यांना नको होते. नाही तरी तो एक टक्काच झाला असता. शालही नको होती. विचारलेले हवे होते. कारण जे आपण होऊन दिले ते दान. न विचारता नेले तर त्याला बँकेच्या भाषेत वेगळा शब्द आहे, आणि तो मी वहिनींपुढे उच्चारला नाही.

बँकेत संयुक्त खाते दोन प्रकारचे असते. एकात दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीने पैसे निघतात. दुसऱ्यात दोघांच्या सह्या लागतात; एक सही कमी असली तर ग्राहक कितीही रागावला तरी आम्ही चेक परत करतो. घरातला वेळ हे संयुक्त खाते आहे. आपण ते वर्षानुवर्षे पहिल्या प्रकाराने चालवतो : एक जण काढत राहतो, दुसऱ्याला कळते तेव्हा शिल्लक संपलेली असते. माझे म्हणणे एवढेच, की हे खाते दुसऱ्या प्रकाराचे करून घ्यावे. आमच्या सौ.ने ते फार पूर्वीच करून घेतले आहे. एक रविवार सोसायटीला गेला, की पुढचा शनिवार नाटकाला. तिकिटे खजिनदाराच्या खिशातून. ही नोंद ती कधी विसरत नाही आणि सस्पेन्सचे तिच्या दप्तरात खातेच नाही.

'घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे' असे आपण म्हणतो. ही म्हण ऐकली, की सगळ्यांचे लक्ष लष्कराकडे आणि भाकऱ्यांकडे जाते. लष्कर कृतघ्न होते का, भाकऱ्या करपल्या का, भाजणारा वेडा होता का. खरी गोष्ट पहिल्या दोन शब्दांत आहे. तो घरचे खाऊन गेला. ते घरचे कुणी रांधले होते? म्हणीतही तिचे नाव नाही.

सेक्रेटरींच्या निवृत्तीनंतर नवा माणूस निवडायला सभा भरली, तेव्हा सगळे सभासद छतावरची ओल एकाग्रतेने पाहू लागले. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुणाने अर्धा हात वर केला आणि म्हणाला, "तयारी आहे माझी, पण घरी विचारून उद्या सांगतो." सभा खो खो हसली. मागून कुणी तरी, "आत्ताच परवानगी लागते काय रे!" असेही ओरडले. मला मात्र त्या वाक्यात चेकवरची दुसरी सही दिसली.

दुसऱ्या दिवशी त्याने होकार कळवला. आता त्याच्या दारावर एक पाटी आहे, बायकोच्या सुबक अक्षरात : 'सोसायटीचे काम सायंकाळी ७ ते ८. चहा मिळणार नाही.' वर्ष होत आले. टाकी वेळेवर धुतली जाते, आजींच्या गोळ्या वेळेवर येतात आणि चौसष्ट बिऱ्हाडांत कुणाचेही चहावाचून अडलेले नाही.